सुपडी वर राहिली पाहिजे

४ मार्च, सोमवार, सकाळी ६ वाजून १० मिनिटे

शेडमध्ये उलट्या डब्यावर बसून, मांडीवर वही ठेवून हे लिहीत आहे. वही नवीन, दोनशे पानी, रेघी. पहिले वाक्य काय लिहावे याचा विचार करण्यात दहा मिनिटे गेली, म्हणजे खरे तर सहाला बसलो होतो.

समोर ट्रॅक्टर. आजोबांनी घेतलेला, माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा. त्याच्या पुढे लोडर आहे, म्हणजे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला माती उचलायची बकेट. आमच्या घरात तिला सुपडी म्हणतात. हातांना उचलणारे दोन जॅक आहेत, एक डावा, एक उजवा. ते तेलाच्या दाबावर चालतात, किंवा चालत असत.

काल बाबांनी भंगारवाल्याकडून दोन हजार बयाणा घेतला. ३१ तारखेला तो येणार आणि ट्रॅक्टर कापून वजनावर नेणार. जागा अडते, असे बाबांचे म्हणणे. मी जेवताना म्हणालो की मला महिनाभर द्या, मी तो चालू करतो. रोपवाटिकेचे मालक खताचा ढीग उचलायला लोडर शोधत आहेत. मी तिथे रोजाने पिशव्या भरायला जातो, म्हणून मला माहीत आहे. चाळीस ट्रॉल्यांचे काम आहे आणि नीट झाले तर पुढेही देतील.

बाबांनी आधी ताटातली भाकरी संपवली. मग म्हणाले, "इंजिन धडधडलं म्हणजे ट्रॅक्टर झाला असं नाही. सुपडी भरायची, वर करायची आणि इंजिन बंद. एक तास. तासाभरात एका बोटापेक्षा जास्त खाली आली, तर भंगारवाला आहेच. आणि वर असलेल्या सुपडीखाली तू जायचं नाहीस. तू नाही, तुझं बोटही नाही."

"तासभर कोण धरून ठेवतं वर?" आई म्हणाली. "माती काय हवेत वाळवायची आहे?"

बाबा हसले नाहीत.

अट जाचक आहे. मी हे काम पुरे करीन असा त्यांना भरवसा नाही, म्हणून जमणारच नाही अशी अट घातली असावी. त्यांचे चूक नाही. शाळा नववीत सुटली. गोदामातली नोकरी आठ महिन्यांत गेली, कारण मी प्रत्येक पेटी तीनदा मोजत असे.

जे माहीत आहे ते लिहून ठेवतो. ट्रॅक्टर अकरा वर्षे उभा आहे. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. थोरले काका वर असलेल्या सुपडीखाली बसून तिच्या सांध्यातल्या पिनेला ग्रीस भरत होते आणि सुपडी खाली आली. त्यांचा उजवा पाय चिरडला. पाय राहिला, चाल गेली. काका सांगतात, चूक त्यांचीच, त्यांचाच हात लिव्हरला लागला. त्यानंतर सुपडी जमिनीवरून कोणी हलवली नाही.

५ मार्च, मंगळवार

आईने आठ हजार दिले. "व्याज नको, पण मुद्दल विसरू नकोस," म्हणाली. पावती लिहून दिली. तिने ती पिठाच्या डब्याखाली ठेवली.

काका ओसरीवर खुर्च्या विणतात. अपघातानंतर हाच त्यांचा धंदा. पाठ नेहमी शेडकडे, तोंड रस्त्याकडे. मी त्यांना सांगितले की ट्रॅक्टर खोलतोय. ते विणत राहिले आणि म्हणाले, "कारकून, खोलतानाच लिहून ठेव काय कुठून निघालं. लावताना देव आठवत नाही, फक्त उरलेला बोल्ट दिसतो."

मला ते कारकून म्हणतात, वहीमुळे. मला राग येत नाही.

८ मार्च, शुक्रवार

खोलण्याचे चार दिवस. प्रत्येक वस्तूचे चित्र, मग चिठ्ठी, मग डबा. चिठ्ठ्या आजवर ६३. एअर फिल्टरमध्ये उंदराचे घर निघाले, त्यात आमच्याच जुन्या पडद्याच्या चिंध्या. डिझेलच्या टाकीत तळाला गंजाचा चिखल, दीड तांब्या.

दुपारी बाबा शेडच्या दारापर्यंत आले आणि चिठ्ठ्या बघून गेले. मला वाटले, म्हणतील याला महिना नाही, वर्ष लागेल.

१२ मार्च, मंगळवार

चालू झाला.

सकाळी ११ वाजून ४० मिनिटे. डिझेलच्या पाइपातली हवा काढली, पाचव्यांदा. डिझेल फवारणारी नोझल दुरुस्त होऊन आली होती, बॅटरी वापरलेली विकत घेतली पण भरलेली. सेल्फ मारल्यावर आधी नुसता घसा खाकरला, मग पांढरा धूर, मग काळा, मग ठोके एकसारखे पडू लागले. शेडचा पत्रा थरथरला. आई हात पुसत धावत आली. तिच्या तोंडावर जे होते ते मी शाळेत असताना कधी पाहिले नव्हते, कारण तसे गुण मी कधी आणले नव्हते.

"म्हातारा खोकतोय," ती म्हणाली.

"खोकत नाही, बोलतोय," मी म्हणालो.

वीस मिनिटे चालू ठेवला. बंद करायचे मन होत नव्हते. ओसरीवर काकांचा हात विणायचा थांबला होता, पण ते वळले नाहीत. बाबा बाहेर गेले होते. परत आल्यावर सांगितले तर म्हणाले, "इंजिनाचं मी काही म्हटलं नव्हतं. सुपडीचं बोल."

तरीही आजचा दिवस माझा आहे. हे वाक्य मी तीनदा वाचले, खोडायचे नाही असे ठरवले.

१३ मार्च, बुधवार

लोडरची मापे घेतली. सुपडीच्या पिनेपासून लिव्हरपर्यंत साडेसात फूट. दोनदा मोजले. खाली बसलेल्या काकांचा हात तिथे कसा पोचला हे कळेना, म्हणून जाऊन विचारले.

"अरे, तेव्हा मी उंच होतो," काका म्हणाले.

माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक असेल. माप मात्र बरोबर आहे.

१५ मार्च, शुक्रवार

दोन्ही जॅक खोलले. आत पिस्टनवर रबराचे एक जाड कडे असते, त्याला सील म्हणतात. तेल पिस्टनच्या खाली अडवून धरणे हे त्याचे काम. ते नीट बसले तर सुपडी वर राहते. जुनी सीले फाटून चामड्यासारखी झाली होती. काढण्याआधी दोन्हीची चित्रे काढली, सपाट बाजू कोणीकडे, खाचेची बाजू कोणीकडे. दोन्ही जॅकमध्ये एकच पद्धत होती, खाच वरच्या बाजूला. दोन्हीकडे सारखे म्हणजे बरोबर असणार.

सीलवरचे आकडे पुसले गेले होते. ओसरीवर येऊन मोजायला व्हर्निअर शोधत होतो. बाबा खाटेवर डोळे मिटून पडले होते. ते तसेच म्हणाले, "साठ, पंचाहत्तर, दहा."

मोजले. आतून साठ, बाहेरून पंचाहत्तर, जाडी दहा. तंतोतंत.

बाबांनी वही चाळली असावी. पण वहीत हे माप मी तोवर लिहिलेच नव्हते.

१८ मार्च, सोमवार

नवी सीले बसवली, जशी होती तशी. वीस लिटर तेल भरले. सुपडीत वाळूच्या आठ पिशव्या ठेवल्या, प्रत्येकी पन्नास किलो. लिव्हर ओढला आणि लोडरचे हात वर गेले. अकरा वर्षांनी सुपडी माझ्या डोक्याच्या वर होती. घड्याळ लावले, इंजिन बंद केले, लांब जाऊन उभा राहिलो.

दहा मिनिटांत चार बोटे. वीस मिनिटांत वीत. मग मीच खाली घेतली.

बाबा कुंपणाशी होते. मला वाटले बघत नसतील, पण सुपडी उतरत असताना त्यांनी तोंड फिरवले. माझे अपयश त्यांना बघवत नाही.

२० मार्च, बुधवार

व्हॉल्व्हमधून तेल मागे जात असेल असे वाटून तो सोडवला आणि घासायला दिला. बाराशे. परत लावला. दहा मिनिटांत चार बोटे.

तीन दिवसांत बारा वेळा हे सर्व तपासले आणि तरी कुठे चुकले ते सापडत नाही. कदाचित गोदामाचे मालक बरोबर होते. जो तीनदा मोजतो त्याला स्वतःवर विश्वास नसतो, आणि ज्याला विश्वास नसतो त्याच्याकडून ओझे उचलले जात नाही. अकरा दिवस उरले.

२१ मार्च, गुरुवार

सीलच्या दुकानात गेलो. दुकान एक बाई चालवतात. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला, बोटे तेलाने काळी. भिंतभर छोटे खण आणि प्रत्येक खणावर आकडे, कुठेही खाडाखोड नाही. मला ते दुकान फार आवडते. त्यांना सांगितले की सील खराब दिलेत.

"माझं सील खराब?" त्या म्हणाल्या. "माझा नवरा खराब निघाला, सील कधी निघालं नाही. कसं बसवलंस?"

मी चित्र दाखवले.

"चित्र सुंदर आहे. भिंतीवर लाव. पण हे उलटं आहे बाळा. ही खाच दिसते ना, तो सीलचा ओठ. ओठ तेलाकडे हवा. तेल ओठात शिरतं, ओठ फुगतो आणि नळीला घट्ट धरतो. तू तेलाकडे पाठ केलीस."

"पण मी जसं होतं तसंच बसवलं."

"आणि जसं होतं ते बरोबर होतं, हे तुला कुणी सांगितलं?"

माझ्या आयुष्यात इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. चित्र बिनचूक होते. चूकही बिनचूक उतरवली होती.

"उलटं बसलं तरी आधी उचलतं," त्या खणातून नवा जोड काढत म्हणाल्या. "तीच गंमत आहे. दोन-चार महिने आपल्याला वाटतं झालं काम. मग कधीतरी ओठ दुमडतो आणि सगळं ओझं एकदम सोडतं. कोणी खाली नसलं म्हणजे मिळवली."

मी पैसे कमी पडतात म्हणालो. त्यांनी ते उधारीवर टाकले, म्हणजे त्यांच्या नोकराच्या पाठीमागच्या फळ्यावर लिहिले.

२२ मार्च, शुक्रवार

सीले बदलली, ओठ तेलाकडे. अर्धा तास वर ठेवली. खडूच्या खुणेवरून सुपडी केसभर हलली. मी शेडमध्ये एकटाच होतो तरी मोठ्याने "बरोबर" म्हणालो.

दुपारी जेवताना सर्वांना सांगितले. खूप दिवसांनी माझ्याकडे सांगण्यासारखे काही होते, म्हणून जरा जास्त बोललो. सीलचा ओठ कसा असतो ते बोटांनी करून दाखवले. म्हणालो, "अकरा वर्षांपूर्वी ज्याने कोणी बसवलं तो गाढवच होता. दोन्ही उलटी. काकांचा हातबित लागला नसणार, ओठ दुमडला असणार."

काकांनी पाण्याचा पेला उचलला होता, तो तसाच धरून ठेवला. बाबा उठले. ताटात निम्मे जेवण होते. हात धुऊन बाहेर गेले.

"काय झालं?" मी आईला विचारले.

"काही नाही. तू जेव."

"व्हॉल्व्हच्या बाराशेचं वाईट वाटलं असेल त्यांना. ते मी भरून देईन."

आईने माझ्याकडे बघितले आणि माझ्या ताटात आणखी वाढले, मी नको म्हणत असताना.

२३ मार्च, शनिवार

बाबा आज सगळ्यांबरोबर जेवायला बसले नाहीत. आईला विचारले, तेव्हा कोणत्या मिस्त्रीने बसवले होते ते सील. म्हणाली, "मिस्त्रीला द्यायला पैसे कुठे होते तेव्हा? आणि आता विषय पुरे."

कोणा ओळखीच्या माणसाला ती पाठीशी घालत आहे. मी विचारणार नाही.

दोष-नोंदीचे पान पूर्ण केले. रकाने तीन, दोष, कारण, उपाय. जॅकच्या ओळीत लिहिले: "सुपडी उतरते. सील उलटे; बसवणारा गाढव. सरळ केले."

२४ मार्च, रविवार

आज काका शेडमध्ये आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. काठी टेकत, उंबऱ्याशी क्षणभर थांबून. मी डबा पुसून दिला, त्यावर बसले. ट्रॅक्टरकडे नवरीकडे बघावे तसे बघितले.

"रंग बरा आहे. पण पुढचे दिवे तिरळे आहेत."

दिवे सरळ आहेत, मोजले आहेत. तरी मी म्हणालो, बघतो.

त्यांनी वही मागितली. चष्मा नाकावर ओढून पान पान वाचले. साडेसात फुटांपाशी थोडे हसले. दोष-नोंदीवर आले आणि बोट ठेवले.

"कारकून, अक्षर छान आहे. हे एवढं खोड."

"कोणतं?"

"गाढव."

"का? चूक त्याचीच होती."

"तू पहिल्यांदा कसं बसवलंस?"

"जसं होतं तसं. उलटं."

"मन लावून बसवलंस की घाईत?"

"मन लावून. दोनदा चित्र बघून."

"मग त्यानेही तसंच बसवलं असेल. त्याच्या आधीच्याचं बघून. तुझ्यापाशी निदान ती दुकानवाली होती सांगायला. त्याला कोण होतं? सुपडी पडली तेव्हा खाली कोणी नसतं, तर तोही तुझ्यासारखा सरळ करून मोकळा झाला असता. तू गाढव आहेस का?"

मला विचार करावा लागला. मग म्हणालो, "नाही."

"झालं तर. तोही नव्हता."

मी पट्टी लावून तो शब्द खोडला. मान वर केली तर दाराशी बाबा उभे होते, रेडिएटरसाठी पाण्याची बादली घेऊन. केव्हा आले माहीत नाही. बादली काठोकाठ होती आणि ते ती खाली ठेवत नव्हते.

"आणि हातही लागलाच होता माझा," काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले.

"दादा," बाबा म्हणाले, "लिव्हर साडेसात फुटांवर आहे. पोराने मोजलंय."

म्हणजे बाबा माझी वही वाचतात. आणि माझ्या मापावर त्यांचा विश्वास आहे. हे मला आज पहिल्यांदा कळले, आणि ते त्यांनी काकांसमोर म्हटले.

"धाकट्या, बादली ठेव," काका म्हणाले. "आणि कारकून, तू जाऊन चहाचं सांग."

चहा होईपर्यंत मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा होतो. तिथून शेडचा निम्मा दरवाजा दिसतो. बाबा जमिनीवर बसले होते, काकांच्या उजव्या पायाशी, डोके खाली घालून. पायाला काही लागले का ते बघत असावेत. काकांचा एक हात बाबांच्या मानेवर होता. दुसऱ्या हातातल्या काठीने ते ट्रॅक्टरचे चाक हळूहळू ठोकत होते, हवा बघतात तसे.

मी कप उचलले. आईने ते माझ्या हातून घेतले.

"थांब थोडा."

"निवेल ना."

"निवू दे," ती म्हणाली. मग पदराने कपाळ पुसल्यासारखे केले आणि चहा परत चुलीवर ठेवला.

२६ मार्च, मंगळवार

बाबा सकाळी सहालाच शेडमध्ये. माझ्या आधी. जुनी खाकी पँट घालून. एवढे दिवस आले नाहीत, आता सील कसे बसवले ते ऐकून त्यांना माझ्या कामाची खात्री पटलेली दिसते.

मी सुपडीत वाळू भरून चालवून दाखवणार होतो. ते म्हणाले, "मागे काय बांधलंयस?"

"मागे?"

"पुढे चारशे किलो उचलणार, मागे काही नाही. उतारावर ब्रेक मारलास की मागची चाकं आभाळात आणि तू सुपडीत."

६३ चिठ्ठ्या, सगळे जागच्या जागी, आणि हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. तोंड उतरले असावे, कारण बाबा म्हणाले, "जे ट्रॅक्टरवर नव्हतंच त्याची चिठ्ठी कशी लागणार? चल, पिंप शोधू."

दोघांनी पिंपात दगड भरून ते मागे बसवले. त्याला चौकट करायला वेल्डर आला. त्याला सगळे ठिणगी म्हणतात. तो कमी बोलतो आणि लगेच पेटतो. त्याने आणि बाबांनी बाजूला जाऊन कशाचे तरी माप कागदावर काढले. मी जवळ गेलो तर कागद घडी झाला.

बाबांना कोणता पाना कोणत्या बोल्टला लागतो ते न बघता कळते. मी प्रत्येक वेळी आकडा वाचतो.

३० मार्च, शनिवार

दुपारचे ४.००. सुपडीत आठ पिशव्या. वर घेतली. इंजिन बंद. बाजूला काठी रोवून तिच्यावर खडूची रेघ मारली आहे. मी, बाबा, आई. काकांनी स्वतःची खुर्ची उचलून आणवली आणि शेडकडे तोंड करून बसले.

४.१०. दोन मिलिमीटर.

४.२०. तीन. आई म्हणते, घड्याळाकडे नको बघूस, दूध बघितलं की उतू जात नाही.

४.३०. तीनच. बाबा सुपडीकडे बघत नाहीत, काकांकडे बघतात. काका डोळे मिटून आहेत. झोपले की काय.

४.४०. पाच. घाबरलो. परत मोजले. पाचच.

४.५०. सहा. काका डोळे न उघडता म्हणाले, "किती?" बाबा म्हणाले, "सहा." मी सांगायच्या आत.

५.००. आठ मिलिमीटर. माझे सर्वात बारीक बोट बारा मिलिमीटर आहे.

मी बाबांकडे बघितले. ते शेडच्या मागे गेले आणि एक लोखंडी टेकू घेऊन आले. जाड, खाचेदार, लाल रंगवलेला. वर उचललेल्या जॅकच्या उघड्या दांडीवर तो बसवायचा, म्हणजे तेल सगळे गळून गेले तरी हात खाली येऊ शकत नाहीत. असाच दुसरा दुसऱ्या बाजूला. दोन्ही तसूभरही इकडेतिकडे न होता बसले. मी जॅकचे माप त्यांना कधी दिले नव्हते. माझ्यामागे स्वतः येऊन घेतले असणार, आणि बरोबर घेतले होते.

"हे लावल्याशिवाय खाली कोणीही जायचं नाही," ते म्हणाले. "मीही नाही."

"लावलंय ना आता?" काका म्हणाले.

"लावलंय."

"मग ग्रीसचा पंप कुठाय?"

बाबा आधी स्वतः सुपडीखाली जाऊन उभे राहिले. काही वेळ नुसते उभे. मग काकांना हात दिला. काका काठी टेकत आत गेले, पिनेखाली डबा ओढून बसले आणि ग्रीस भरू लागले. बाबा शेजारी उकिडवे बसले. पिनेतून जुने काळे ग्रीस बाहेर यायला लागले, मग तपकिरी, मग स्वच्छ पिवळे. दोघेही त्याकडे बघत होते. दोघांच्या डोक्यावर चारशे किलो वाळू होती, आणि ती मी वर धरली होती.

ते काय बोलले ते मला ऐकू आले नाही. काका हसले, एवढे खरे.

हे ट्रॅक्टरच्या चाकावर वही टेकून उभ्यानेच लिहीत आहे. अक्षर बिघडले त्याबद्दल क्षमस्व.

३१ मार्च, रविवार

ट्रॅक्टर मी सकाळीच रोपवाटिकेत नेऊन ठेवला आणि चालत परत आलो. भंगारवाला नऊला आला. मागे रिकामी गाडी, गॅसची टाकी, दोन माणसे.

"कुठाय म्हातारा?"

"कामाला गेलाय," काका ओसरीवरून म्हणाले. "त्याला विचारून येतो का, विकायचंय का?"

बाबांनी दोन हजार परत दिले. त्याला वाटले भाव वाढवायला करतो आहोत, म्हणून त्याने किलोमागे एक वाढवला, मग दोन. बाबा म्हणाले, "मुलाने चालू केलाय." एवढेच. पण भंगारवाल्याच्या दोन माणसांनी माझ्याकडे वळून बघितले, आणि मी उगाच खिशातला पाना चाचपला.

६ एप्रिल, शनिवार, सायंकाळी ६ वाजता

रोपवाटिकेचे काम आज संपले. चाळीस ट्रॉल्या. पहिल्या दिवशी ट्रॅक्टर मी चालवला, दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, सरक जरा. ढिगात सुपडी घालताना ते क्लच अर्धा सोडतात आणि हात उचलतानाच मागे घेतात, त्यामुळे एक मूठही सांडत नाही. मला अजून तसे येत नाही. मालक बघायला आले होते. त्यांनी विचारले, "दुरुस्त कोणी केला?" बाबा लिव्हरवरचा हात न काढता म्हणाले, "आमच्याकडे माणूस आहे."

पुढच्या हंगामाचेही काम आम्हालाच आहे.

हिशेब आज मिटवला:

नोझल, टाकी, फिल्टर ३,१५०
बॅटरी २,४००
सील, पहिला जोड (वाया) ७८०
व्हॉल्व्ह घासणे (गरज नव्हती) १,२००
सील, दुसरा जोड ७८०
हायड्रॉलिक तेल ३,६००
रेडिएटरचे पाइप, पट्टा ६४०
ग्रीस, नट-बोल्ट, रंग ४५०
वेल्डिंग, मागची चौकट ४६५
कामाचे डिझेल ४,२००
बयाणा परत २,०००
एकूण १९,६६५

जमा, चाळीस ट्रॉल्या, प्रत्येकी साडेचारशे: १८,०००
आईचे आठ हजार यातूनच फेडले. पावती तिने पिठाच्या हाताने परत दिली.

देणे बाकी:
दुकानवाल्या बाई (दुसरा जोड ७८०, रेडिएटरच्या पाइपांचे ४२०) १,२००
ठिणगी ४६५
बाबा, लोखंडी टेकू दोन: रक्कम सांगत नाहीत. ठिणगीही सांगत नाही. रकाना कोरा ठेवला आहे.
काका, सात सकाळी ग्रीस भरण्याची मजुरी: विचारले तर म्हणाले, "मांडून ठेव. एकदम घेईन."